सलोमी, तुला सांगायचं राहिलं

सलोमी,

बुधवारी संध्याकाळी पावणेसहाच्या सुमारास तुझ्या चर्चची घंटा वाजली, तेव्हा मी गवार मोडत बसले होते. अवेळी घंटा वाजली म्हणजे तुमच्या मंडळीतलं कोणीतरी गेलं, एवढं मला आता कळतं. ते कसं कळलं यावरून तू मला सात वर्षं चिडवलंस. पण खरं सांगते, घंटा ऐकून माझ्या मनात तू आलीच नाहीस. मला वाटलं, तुमचे ते म्हातारे शिंपीकाका गेले असतील, फार दिवस अंथरुणाला खिळून आहेत. म्हटलं, उद्या गाडीत सलोमीला विचारू. आणि राहिलेली गवार मोडली.

त्याच दिवशी सकाळी तू माझ्यासाठी जागा धरली होतीस. नेहमीसारखी खिडकीतून पिशवी आत टाकून, बाहेर उभ्या असलेल्या चार बायकांशी भांडून. "बायकांस्नी अर्धं तिकीट झाल्यापास्नं बायकांनाच बसायला जागा ऱ्हायली न्हाई बघ," असं रोजचं वाक्य रोजच्याच जोमाने म्हणालीस. मी हसले नाही. हसायचाही कंटाळा येतो सकाळी सकाळी. माझ्या मांडीवर पर्स होती आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात माझ्या बदलीचा आदेश होता. एकोणीस दिवस तो तिथे होता. रोज तुझ्या मांडीला मांडी लावून साताऱ्याला जायचं, संध्याकाळी परत यायचं, आणि तुला त्यातलं अवाक्षर सांगायचं नाही, असं एकोणीस दिवस चाललं होतं. आज सांगू, उद्या सांगू. आणि बुधवारी तू गेलीस.

मी कोरेगावात आले ती खोलीच्या भाड्याकडे बघून. शाळा साताऱ्याला, कारकुनाचा पगार, साताऱ्यात भाडी परवडेनात. कोणीतरी म्हणालं, अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता आहे, निम्मं गाव रोज जाऊन येऊन करतं. खरंच होतं ते. सकाळी सात ते नऊ स्टँडवर पाय ठेवायला जागा नसायची. एमआयडीसीतली माणसं, मास्तर, दवाखान्यातल्या बायका, कोर्टातले कारकून, कॉलेजची पोरं. संध्याकाळी तीच सगळी चुरगळून परत यायची. आमची कॉलनी गावाबाहेर, कोणाच्या तरी आल्याच्या रानावर प्लॉट पाडून झालेली. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. मला या गावातला स्टँड माहीत होता, एक किराणा दुकान माहीत होतं आणि त्या दोन्हींच्या मधला रस्ता माहीत होता. चार वर्षं मी तेवढ्यावर काढली. कोणी विचारलं तर सांगायचे, गाव सांगली, इथे झोपायला असते.

तुलाही तेच सांगितलं होतं. दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर बसून बसून तुला सवयच लागली होती, दिसेल त्याला नाव, वय, गाव विचारायची. पहिल्यांदा शेजारी बसलीस तेव्हा मलाही विचारलंस. मी नाव सांगितलं, वय दोन वर्षं कमी सांगितलं, आणि गाव सांगली.

"सांगली व्हय? मग उतरायचं कुठं?"

"कोरेगावला."

"मग गाव कोरेगावच की."

"नाही हो. इथे आम्ही भाड्याने राहतो."

"भाड्यानं तर आपण सगळीच हावोत," म्हणालीस आणि माझ्या डब्यातल्या लोणच्याचा वास आला म्हणून डबा उघडायला लावलास. त्या दिवसापासून मी सांगलीकर झाले. माझं खरं नाव तू कधी घेतलंस, मला आठवत नाही. आपण अहो-जाहोवरून अगं-तुगंवर कधी आलो तेही आठवत नाही. तू मोठ्याने बोलायचीस, दुसऱ्याच्या मोबाइलमध्ये डोकावायचीस, झोप लागली की माझ्या खांद्यावर मान टाकायचीस आणि माहुलीचा पूल आला की आपोआप जागी व्हायचीस. पहिलं वर्षभर मला तुझा त्रासच व्हायचा. दुसऱ्या गाडीने जावं का, असा विचारही मी केला होता. हे तुला कधी सांगितलं नाही, पण तुला कळलं असणार.

मग ती घंटा.

शनिवार होता, शाळा अर्धा दिवस. तुझा चष्मा गाडीत राहिला होता तो द्यायला मी तुझ्या घरी आले. दारात तुझा भाऊ रूबेन. तोफखान्यात नोकरी करून आलेला, त्यामुळे कान गेलेले. मी चष्मा दाखवून ओरडून विचारलं, त्याने त्याहून मोठ्याने ओरडून सांगितलं, "चर्चात हाय! झाडायला!" तुझ्याकडे शनिवारी झाडलोटीची पाळी होती. चर्च तुमच्या घरामागेच, आणि मी चार वर्षं त्याच भिंतीच्या कडेने जवळच्या वाटेने स्टँडवर जात होते. दगडी भिंत, वर कौलं, भिंतीतून वर आलेली कडुलिंबाची फांदी. आत काय आहे ते कधी बघावंसं वाटलं नव्हतं. त्या दिवशी फाटकातून आत गेले. कोणी दिसेना. पायरीशी चपला काढल्या. दारापाशी खांबावर घंटा होती, दोर खाली लोंबत होता. देवळात शिरताना हात जसा आपोआप वर जातो तसा गेला, आणि मी दोर ओढला.

ती काय आमच्या गणपतीच्या देवळातली घंटा होती थोडीच, की एक टोला देऊन गप्प बसेल. एवढी जडशीळ, एकदा हलली ती हलतच राहिली. मी दोर धरून थांबवायला गेले तर आणखी वाजली.

आतून तू आलीस, डोक्याला फडकं, हातात केरसुणी, तोंड पांढरं पडलेलं. मला पाहून तुझा पहिला प्रश्न होता, "कोण गेलं गं?" मी म्हटलं, "कुठे?" तेवढ्यात फाटकातून शिंपीकाका आले, गळ्यात टेप तसाच. त्यांच्यामागे लीलाबाई, भाकरीच्या पिठाने भरलेले हात वर धरून. एमआयडीसीतून पहिली पाळी करून आलेला एकजण कंपनीच्या निळ्या कपड्यांतच पळत आला. चर्चचे पाळकसाहेब बनियनवर शर्ट चढवत आले. पाच-दहा मिनिटांत वीसेक माणसं जमली आणि जो तो विचारतोय, कोण गेलं? शेवटी रूबेन आला. त्याला घंटा ऐकूच आली नव्हती. सगळी पळतायत म्हणून तोही पळत आला होता.

मी खालमानेने सांगितलं की कोणी गेलं नाही, मीच वाजवली, देवळात वाजवतो तशी. मला वाटलं, आता काही खरं नाही. आणि मग तू केरसुणी टाकून जी हसायला लागलीस ती पायरीवरच बसलीस. तुझं बघून सगळेच हसले. शिंपीकाका म्हणाले, "आता आलोच हाय तर चा तरी घ्या." लीलाबाईंनी पिठाच्या हातांनीच घरी निरोप धाडला. तुमच्या त्या बाकांवर बसून आम्ही चहा घेतला आणि तू एकेकाकडे बोट करून मला सांगितलंस, नाव, वय, गाव. प्रत्येकाचं गाव कोरेगाव. माझी ओळख करून देताना म्हणालीस, "ही माझ्या येष्टीतली सांगलीकर. हिनं आज आपल्यातलं कुणीबी मारलं न्हाई, एवढं ध्यानात ठेवा."

त्या दिवसापासून मला गाव कळायला लागलं. शिंपीकाकांकडे ब्लाउज शिवायला टाकू लागले. लीलाबाई भाकरी करून द्यायच्या, मी घरी आले की जिन्यात फडक्यात बांधलेल्या चार भाकरी असायच्या. निळ्या कपड्यांतल्याने एकदा गॅसची टाकी दुसऱ्या मजल्यावर नेऊन दिली. रस्त्यातून जाताना चार जण हात वर करून "सलाम" म्हणायला लागले, तुमच्यातली रीत. पहिल्यांदा मी मागे वळून बघायचे, हे कोणाला म्हणतायत. मग मीही सलाम म्हणायला लागले.

वर्षातून पाच-सहा रविवार मी तुझ्याबरोबर चर्चला यायचे. का यायचे, ते मलाही नीट सांगता येत नाही. तिथे गारवा होता, जाड भिंतींमुळे असेल. तुम्ही लोक गायचात त्यातलं निम्मं मला कळायचं नाही, पण तास-दीड तास कोणी मला काही काम सांगायचं नाही, हे काय कमी होतं? माझ्या घरून ह्यांनी एकदा टोमणा मारला, "आता तुझं नाव काय ठेवणार म्हणे त्या?" दुसऱ्या दिवशी गाडीत मी तुला सरळच विचारलं, तू मला ख्रिस्ती करणार आहेस का? तू माझ्याकडे वरून खालपर्यंत पाहिलंस. "तुला घेऊन आमी काय करावं? गाता येत न्हाई, वेळेवर येत न्हाईस आन् प्रवचनात घोरतीस." पुढे बसलेल्या कंडक्टरलाही हसू आलं.

एका वादाचा मात्र निकाल लागला नाही. ते गावाचं. तुझं म्हणणं, ज्या गावात आपण मेलो तर चार माणसं पळत येतील ते आपलं गाव. "त्या दिवशी घंटा वाजली तवा किती आली, बघितलीस न्हवं?" मी म्हणायचे, अगं, ती तुमच्यातलं कोणीतरी गेलं म्हणून आली, माझ्यासाठी नाही. "पळताना कुणाला ठाऊक हुतं कोण गेलंय ते? पळालीच की." यावर मी खिडकीबाहेर बघायचे. एकदा मी चिडून म्हणाले, तुझं सगळं एकाच ठिकाणी आहे म्हणून तुला हे बोलायला सोपं आहे. जन्म इथे, चर्च इथे, आईबाप इथेच पुरलेले. दोन गावांत आयुष्य वाटलं गेलेल्या माणसाला विचार. तू त्या दिवशी साताऱ्यापर्यंत बोलली नाहीस. उतरताना म्हणालीस, "व्हय, हे बी खरंच म्हणा." तुझा हा शहाणपणा मला कधी जमला नाही.

गेल्या वर्षी हे निवृत्त झाले आणि सांगलीला घरी गेले. मुलगीही तिकडेच दिलेली. मी इथे एकटी. तू विचारलंस, "आता तू बी जाशील?" मी म्हटलं, "नाही गं, माझी चार वर्षं राहिलीत. मी कुठे अर्ज-बिर्ज करतेय." सलोमी, विनंती बदलीचा अर्ज मी त्याच्या आठवडाभर आधीच संस्थेत दिला होता. अकरा वर्षं पहाटे पाचला उठून, दोन डबे भरून, उभ्याने प्रवास करून माझं अंग आंबून गेलं होतं. रात्री एकटीने जेवायचा कंटाळा यायचा, भांडी दोनच असली तरी घासायचा कंटाळा यायचा. मला माझ्या घरी जायचं होतं. यात लपवायचं काय होतं? काहीच नव्हतं. पण तू असं काही विचारलंस की तोंडातून खोटंच आलं, आणि एकदा खोटं बोलल्यावर ते निस्तरत कोण बसणार?

तीन आठवड्यांपूर्वीच्या शुक्रवारी आदेश हातात पडला. सांगलीच्या शाळेत हजर व्हायचं. मला आनंद झाला, तो मी शाळेच्या मागच्या व्हरांड्यात एकटीने साजरा केला, म्हणजे नळावर तोंड धुतलं आणि कागद पर्समध्ये घातला. संध्याकाळी गाडीत तू तुझ्या खिडकीवर आलेल्या कोणा म्हातारीची गोष्ट सांगत होतीस. ती संपेपर्यंत कोरेगाव आलं. दुसऱ्या दिवशी तुला सर्दी होती. त्याच्या दुसऱ्या दिवशी रविवार. मग रोज काहीतरी कारण निघत गेलं आणि मला ते बरंच वाटत गेलं.

तू जायच्या आधीच्या शुक्रवारी तू म्हणालीस, "या रविवारी ये गं."

"बघू."

"बघू न्हाई. या रविवारी ये. बाकी कवा न्हाई आलीस तरी चालंल."

"थकलेय गं मी. एक तर दिवस मिळतो."

"थकलीस तर बसायलाच ये. बसायलाच तर बोलावतीया."

"काही विशेष आहे का?"

"काय न्हाई. ये तर खरी."

तू कधी कोणाला असं अजीजीने बोलवायची नाहीस. हे मला तेव्हाच जाणवायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात एकच, चर्चला गेले की ही घरी नेणार, घरी नेलं की बोलणं निघणार, आणि मग सांगावं लागणार. रविवारी नऊला तुमची पहिली घंटा झाली. मी भांडी वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात भरत होते. साडेनऊला दुसरी झाली. मी उठून खिडकी लावली. दहाच्या आसपास तुझा फोन आला. माझ्यासमोर जमिनीवर तो वाजत राहिला आणि मी हातात तवा धरून तो बंद व्हायची वाट पाहिली.

सोमवारी तू जागा धरलेली होतीच. "झोप झाली का?" एवढंच विचारलंस. मी म्हटलं, झाली. तू खिडकीची जागा मला दिलीस, जी तू कधी कोणाला देत नव्हतीस. मला वाटलं, चला, सुटले.

बुधवारी घंटा वाजल्यावर तासाभराने लीलाबाई जिना चढून वर आल्या. दारात उभ्या राहून म्हणाल्या, "आवं सांगलीकर, घंटा ऐकली न्हाई व्हय?"

"ऐकली की."

"मग?"

त्या वरच्या पायरीवरच बसल्या आणि पदर तोंडाला लावला. "आपली सलोमी गेली वो. गाडीतनं येऊन घरात बसली ती बसल्या जागीच."

वीस माणसं पळत आली होती म्हणे. शिंपीकाकासुद्धा, दोघांच्या खांद्यावर हात टाकून. मी तेवढी आले नाही. मी गवार फोडणीला टाकत होते. हे आता मला जन्मभर पुरणार आहे.

गुरुवारी तुझ्या मातीला आपल्या आठ-वीसच्या गाडीचे ड्रायव्हर-कंडक्टर खाकीतच आले होते. गाडीतली निम्मी माणसं होती. मी तुझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, तुझ्या पेटीवर मूठभर माती टाकली, सगळं लोक करतात तसं केलं. रडू आलं नाही. फार दमल्यावर जशी झोपही येत नाही, तसं झालं होतं. परत तुमच्या घरी येऊन बायकांत बसले. तिथे रूबेनने मला पाहिलं आणि बहिऱ्या माणसाच्या त्या आवाजात, सगळं घर ऐकेल असं विचारलं, "बाई, तुमी रविवारी का न्हाई आला?"

मी काय सांगणार? म्हटलं, बरं नव्हतं. त्याला ऐकू आलं नाही.

"तिनं शिरा केला हुता तुमच्यासाठनं. साठ माणसांचा. पाटंचं उठून."

"माझ्यासाठी? कशाला?"

पाळकसाहेब शेजारी होते. त्यांनी मला बाजूला नेऊन हळू आवाजात सांगितलं. तुमच्या मंडळीत कोणी गाव सोडून निघालं, बदली झाली, मुलगी लग्न होऊन गेली, की जाण्याआधीच्या रविवारी तो माणूस पुढे उभा राहतो. आपल्या तोंडाने सांगतो, मी अमुक ठिकाणी चाललो. मग त्याच्यासाठी प्रार्थना होते आणि लहानथोर सगळे ओळीने येऊन त्याचा हात हातात घेऊन सलाम म्हणतात. वाटेची प्रार्थना म्हणतात तिला. तू त्यांना विचारलं होतंस, ती आपल्यातली नाही, तरी चालेल का? ते म्हणाले होते, निरोप घ्यायला कशाला आपल्यातली असायला पाहिजे?

"पण तिला कळलं कसं?" मी विचारलं.

आमच्या शाळेतल्या शिपायाची बायको केसपेपर काढायला आली होती, तुझ्या खिडकीवर. तू विचारलंस नाव, वय, गाव. नवरा कुठे कामाला, तेही विचारलंस. दोन आठवड्यांपूर्वीच तुला सगळं कळलं होतं. लीलाबाईंना माहीत होतं, शिंपीकाकांना माहीत होतं, कंडक्टरला माहीत होतं. आणि तू एकेकाला बजावून ठेवलं होतंस की माझ्यापाशी कोणी विषय काढायचा नाही. लीलाबाईंनी मला तुझे शब्द जसेच्या तसे सांगितले. "तिचं तिला सांगू द्या. दुसऱ्यानं सांगितलं की ती बातमी हुती. सांगंल ती. सांगितल्याबिगर जायची न्हाई."

त्या रविवारी पाळकसाहेबांनी दोनदा विचारलं म्हणे, कोणाला काही सांगायचं आहे का. तू मागे वळून दाराकडे बघत होतीस. मग बाहेर जाऊन फोन लावलास. मग सगळ्यांना शिरा वाढलास, आणि कशाबद्दल म्हणून एका पोरीने विचारलं तर म्हणालीस, "असाच."

घरी येऊन मला तुझा इतका राग आला, सलोमी. जगातल्या सगळ्यांना तोंडावर प्रश्न विचारणारी तू. माझं वय खरं किती ते तू गाडीत सगळ्यांसमोर काढून घेतलं होतंस. मग हे एक विचारायला तुझी जीभ का नाही उचलली? एकदा म्हणायचंस, काय गं सांगलीकर, चाललीस ना? मी तिथल्या तिथे रडले असते, तू मला चार शिव्या घातल्या असत्यास, आणि सगळं निभावलं असतं. तू गप्प राहिलीस. रोज जागा धरत राहिलीस आणि वाट बघत राहिलीस. एवढा विश्वास कोणी कोणावर टाकू नये. मी त्या लायकीची नव्हते.

राग टिकला नाही. राग धरायलाही ताकद लागते. शुक्रवारी मी त्याच गाडीने गेले. आपली जागा कोणी घेतली नव्हती, मी खिडकीशी बसले आणि शेजारी एका बाईला बोलावून बसवलं. शनिवारी शाळेने मला कार्यमुक्त केलं, नारळ आणि साडी दिली. मुख्याध्यापक माझ्याबद्दल चांगलं बोलले. मीही ठरलेली चार वाक्यं बोलले.

आणि आज रविवार. सकाळी पहिल्या घंटेलाच मी तुमच्या चर्चमध्ये येऊन बसले. आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर. तुझ्या बाकावर, खिडकीकडच्या कोपऱ्यात, कोणी बसलं नव्हतं. गाणी झाली, प्रवचन झालं, मी घोरले नाही. मग पाळकसाहेबांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "कोणाला काही सांगायचं आहे?"

मी उठले. पुढे जाऊन उभी राहिले. मनात तयारी करून आले होते, शाळेत बोलले तसंच, आपण सर्वांनी मला अकरा वर्षं प्रेम दिलंत वगैरे. समोर सगळी ओळखीची माणसं. लीलाबाई, शिंपीकाका, निळ्या कपड्यांतला, आज पांढऱ्या शर्टात. त्यांच्याकडे बघून ती वाक्यं मी बाजूला ठेवली. मी तुझ्या कोपऱ्याकडे पाहिलं आणि म्हटलं, "सलोमी, माझी बदली झाली. सांगलीला. मी स्वतः अर्ज केला होता."

रूबेनने शेजारच्याला ढोसून मोठ्याने विचारलं, "काय म्हणत्यात?"

शेजारचा त्याच्या कानात ओरडला, "बदली झाली म्हणत्यात!"

"ती ठाऊक हाय की. कवा निघायचं त्ये विचारा."

"उद्या," मी म्हटलं. "उद्या सकाळी टेम्पो येणार आहे."

मग प्रार्थना झाली आणि ते सगळे ओळीने आले. शिंपीकाकांना बाकावरून उठवेना, मीच त्यांच्यापाशी गेले. साठ जणांनी माझा हात हातात घेतला आणि सलाम म्हटलं, माझं बोट धरून एक तीन वर्षांची पोरसुद्धा म्हणाली. तेव्हा मला रडू आलं, चार दिवसांनी. त्या सगळ्याला अर्धा तास लागला. पण जे तुला सांगायचं होतं, आदेश आला, अर्ज मीच केला होता, उद्या निघते, तेवढं सांगायला एक मिनिटसुद्धा लागलं नाही गं.